दोनदा पुकारलेलं नाव

माझे वडील सॅमसन आपटेकर यांनी चौतीस वर्षं पनवेलच्या एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारल्या. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, पण सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. खिडकीमागे बसायचं, कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकायची आणि माइकवर सांगायचं, पेण, अलिबाग, फलाट क्रमांक चार. प्रत्येक गाडी ते दोनदा पुकारायचे. एकदाच पुकारून गप्प बसणाऱ्या नव्या पोरांवर ते भडकायचे. म्हणायचे, "पहिल्या वेळी माणूस नुसते कान टवकारतो. काय ऐकलं ते त्याला दुसऱ्या वेळी कळतं." निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी घरात सगळं दोनदाच. रेचल, चहा. रेचल, चहा. मी सत्तावन्न वर्षांची आहे, माझे कान ठणठणीत आहेत आणि या दोनदापायी माझं डोकं उठतं.

त्यांची दुसरी सवय दाराची. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्या घरांत दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असतो, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद गुंडाळून ठेवलेली लहानशी डबी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. पप्पा हे कुठल्याही दाराला करतात. डेपोची केबिन, बँक, दाताचा दवाखाना, काही सोडत नाहीत. लहानपणी मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पप्पा, तिथे काही नाहीये," मी त्यांच्या शर्टाला ओढून सांगायची. ते म्हणायचे, "हाताला कुठे माहीत आहे?"

आता आमच्या आळीत मेझुझाची दारंच मोजकी उरली आहेत. माझ्या वर्गातल्या आमच्या समाजाच्या सहा मुली होत्या, सहाही इस्राएलला गेल्या. भाऊ रोनेन तिथेच अश्दोदला गेला त्यालाही एकवीस वर्षं झाली. तो दर रविवारी फोन करतो, पप्पांना तब्येत विचारतो, मला "तू काळजी घे" म्हणतो आणि त्याचं जेवण वाढलेलं असतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. का केलं नाही याची उत्तरं मी लोकांना वेगवेगळी देते. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपली आणि मला कळलं, की दिवसभरात मी ज्या एका माणसाशी बोलते तो मला सगळं दोनदा सांगतो.

तर हा माणूस अनाथ होता. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एलिशा आजोबा मीठ खात्यात कारकून होते. बायको तरुणपणीच वारली होती. घरात त्यांची म्हातारी आई आणि धाकटी बहीण आदिना. तीन वर्षांचे पप्पा त्या घरात आले, आपटेकर झाले आणि पुढे आजोबांना त्यांनी बापच मानलं. कुठून आले, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "तुझ्या आईचं नाव सारा. ती देवाघरी गेली. पाढे म्हण."

गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल आणि दिवाळीपलीकडे थांबायचं नाही. त्यावर पप्पांनी पाय रोवले. आमच्यात आजारी माणसासाठी प्रार्थना करताना बापाचं नाव लावत नाहीत, आईचं लावतात. अमका बेन तमकी, म्हणजे तमकीचा मुलगा. पप्पा म्हणाले, "सारा, सारा. कुठली सारा? आडनाव नाही, गाव नाही. नुसतं 'सारा, पनवेल' लिहिलेलं पाकीट पोचेल का? आधी माझ्या आईचा पत्ता लाव. मग झडप काय, पाहिजे ते बदला."

मी समजावलं, ओरडले, जेवणही बंद करून पाहिलं. ते माझ्याच वाटणीचं जेवले. रोनेन फोनवर म्हणाला, "त्यांना कसंही करून तयार कर." अश्दोदहून असं सांगायला काय जातं? मी चिडून कामाला लागले.

आठ महिने मी एका बाईच्या मागावर होते. आमच्या प्रार्थनालयातली जुनी रजिस्टरं पुराच्या पाण्यात गेलेली. जी उरली त्यांची पानं एकमेकांना चिकटून पापड झालेली. पेण, अलिबाग, रेवदंडा, जिथे जिथे आमची दफनभूमी आहे तिथे मी गेले. गवत बाजूला करून दगडांवरची मराठी अक्षरं ओल्या फडक्यानं पुसली आणि वहीत उतरवली. रोनेननं वंशावळीच्या एका वेबसाइटवर आमचं झाड मांडलं आणि थुंकी तपासायची नळी पाठवली. पप्पा नळीत थुंकले. उत्तर आलं, की त्यांचे दूरचे नातेवाईक एकशे बारा. ते कुणीही सांगितलं असतं. आमच्यात सगळेच सगळ्यांचे कुठून ना कुठून चुलत. पप्पांच्या वरचा चौकोन मात्र तसाच. त्यात लिहिलेलं, सारा.

सप्टेंबरात पेणला ती सापडली. कोपऱ्यातला, कलंडलेला दगड. 'सारा, तरुणपणी वारली, सन १९४३.' नवऱ्याचं नाव झिजून गेलेलं. पप्पांचा जन्म बेचाळीसचा. मी ते वहीत उतरवलं आणि तडक एस.टी. पकडली. घरी येऊन सांगितलं तेव्हा पप्पांनी काही विचारलं नाही, उठून इस्त्रीचा शर्ट काढला. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा, एस.टी. आणि पुन्हा रिक्षा करून तिथे पोचलो. त्यांनी खाली वाकून एक गुळगुळीत खडा निवडला, आमच्या रिवाजाप्रमाणे दगडावर ठेवला आणि म्हणाले, "आई, मी सॅमसन." मग पुन्हा म्हणाले, "आई, मी सॅमसन." त्या दिवशी मला दोनदाचा राग आला नाही. परतीच्या गाडीत ते लहान मुलासारखे झोपले, आणि घरी आल्यावर म्हणाले, डॉक्टरांची तारीख घे.

मी दिवाळीआधीचा मंगळवार घेतला आणि हौसेनं त्या दगडाचा फोटो लोदला पाठवला, आदिना आत्यांना. एलिशा आजोबांची ती धाकटी बहीण. आता एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, साठ वर्षांपूर्वी इस्राएलला गेल्या आणि अजून मराठीत भांडतात. पाच मिनिटांत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर कपाळ आणि अर्धा चष्मा.

"ही कोण बाई शोधून आणलीस?"

"पप्पांची आई. सारा."

"अगं वेडे! त्या बिचारीच्या अंगावर आपलं पोर कशाला घालतेस? सारा हे नाव आहे का? ज्याच्या आईचं नाव कोणालाच ठाऊक नसतं, त्याच्या प्रार्थनेत सारा म्हणतात. आपली सगळ्यांची पहिली आई ती. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार होतं? सांगणारी माणसं सगळी विमानात बसून निघून गेली. आठ महिने मी रकाना रिकामा असल्याची खूण शोधत फिरत होते आणि एका परक्या बाईला आई करून बसले होते. मला आत्यांचा इतका राग आला, की फोन कट करावा वाटला. पण पडद्यावरचा अर्धा चष्मा भिजला होता.

"एलिशानं माझ्याकडून शब्द घेतला होता," त्या म्हणाल्या. "पण आता तो नाही, मीही किती दिवसांची? ऐक."

आत्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. उरणजवळच्या करंजाची एक कोळीण आळीत सुकट-बोंबील विकायला यायची, भीमा. एकदा ती पायरीवर टोपली उतरवून बसली असताना आजोबांची म्हातारी आई बाहेरून आली आणि मेझुझाला बोटं लावून ती तिनं ओठांना टेकवली. भीमाच्या हातातलं माप खाली पडलं. "हे काय केलंत, आजी?" असं तिनं तीन-तीनदा विचारलं. दुसऱ्या आठवड्यात ती टोपलीशिवाय आली. कडेवर तीन वर्षांचं पोर. उंबऱ्यात तिनं पोराला खाली ठेवलं. पोरानं टाचा उंच केल्या, चौकटीला बोटं लावली आणि ओठांना टेकवली.

"भीमा म्हणाली, ह्याची आय असंच करायची. तुमच्यातली व्हती. ताप घेऊन होडीतून उतरली, माझ्या घरी राहिली, मेली. पोर दुसऱ्याच्या देवाचा हाय, मी कसा ठेवू? आणि मग ती पायरीवर बसून अशी रडली गं... एलिशानं पोर ठेवून घेतलं. पण पुढे पुढे ती आली की सॅमसन तिच्या पदराला लोंबायचा, आठ आठ दिवस जेवायचा नाही. तेव्हा एलिशानं तिला सांगितलं, आता येऊ नकोस. पुन्हा ती आळीत आली नाही."

पप्पांना मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी, दुकानात जाते सांगून करंजाला गेले.

बंदरात बायका जाळीवर बोंबील पसरत होत्या. भीमाबाई म्हटल्यावर त्या हसल्या. भीमा काय एक होती? मी म्हटलं, फार वर्षांपूर्वीची, जिच्याकडे परकं पोर होतं ती. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं हातातले बोंबील खाली ठेवले आणि बोटानं घर दाखवलं.

घर काशिराम कोळ्यांचं. पंच्याहत्तरीला आलेले, ओट्यावर जाळं शिवत बसलेले. मी कोण, कुठली, हे सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात त्यांची नात रिया कॉलेजची बॅग घेऊन घरातून निघाली. निघताना तिनं दाराच्या चौकटीला उजवीकडे बोटं लावली, ओठांना टेकवली आणि चपला घातल्या. चौकटीवर काही नव्हतं. नुसतं लाकूड, तेवढ्याच जागी काळं गुळगुळीत झालेलं.

"हे... हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय?" रियाला कळेना.

"दाराला."

"ते? असंच. आमच्यात करतात."

"कोली लोकांत नाय करत," काशिराम म्हणाले. "आमच्याच घरात करतात. आयनं लावलेली सवय हाय." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी सुई जाळ्यात खोवली. "तुमी पनवेलवरून आल्या काय?"

त्यांनी मला पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. ती तरुण बाई पंधरा-वीस दिवस जगली. नाव विचारलं की रडायची, म्हणून विचारायचं सोडलं. येता-जाता चौकटीला हात लावायची. भीमाबाईचं पहिलं मूल महिनाभरापूर्वीच गेलं होतं, दूध होतं. तिनं ते पोर छातीशी धरलं, त्याला काशिराम म्हटलं आणि ते उभं राहायला लागल्यावर त्याला चौकटीला हात लावायला शिकवलं, आईची तेवढी एक गोष्ट ठाऊक होती म्हणून. पोर देऊन टाकल्यावर स्वतः लावायला लागली.

"मंग पाच वर्सांनी मी झालो. मना त्याचाच नाव दिला," काशिराम म्हणाले. "लहान व्हतो तवा राग यायचा. मारामारी झाली का पोरा बोलायची, तू दुसरा काशिराम, पयला पनवेलला हाय."

"तुमच्या आई त्याला पुन्हा कधी भेटल्या?"

"भेटली नाय. पन बगायची." ते जाळ्याकडे बघत राहिले. "पनवेलला बाजाराला गेली का डेपोत जाऊन बसायची. उरणची गाडी सुटली तरी बसायची. तीन गाड्या सोडायची. मी एकदा संगं गेलतो. मना बोलली, आयक, तो माजा काशिराम पुकारतं. मी बोललो, आय, जा ना, सांग त्याला. तर बोलली, नको. त्याला त्याचा देव गावलाय, घर गावलाय. मी काय सांगू, तुजी आय मेली, आनी दुसरीनं तुला देऊन टाकला?"

एकोणनव्वद साली त्या गेल्या. तोवर पप्पांना त्या खिडकीमागे तेवीस वर्षं झाली होती.

परतताना मी उरणहून एस.टी.नंच आले आणि स्टँडवर उतरले. बाकावर बसले. आता तिथे दुसराच कोणी पुकारतो, एकदाच, तेही नीट ऐकू येत नाही. मला आईची आठवण आली, रोनेनचा राग आला आणि मग एकदम स्वतःचंच रडू आलं. नाव माहीत नसलेली एक बाई एका बेननंतर यायला हवी म्हणून मी आठ महिने पायपीट केली. माझं नाव कुणाच्याच बेननंतर येणार नाही. हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या बाकावर ते पहिल्यांदा दुखलं.

घरी आले तर पप्पा दारातच उभे. "दुकान करंजाला हलवलं काय?" माझ्या ओढणीला सुकटीचा वास येत होता.

मग मी सगळं सांगितलं. पेणची सारा त्यांची कोणी नव्हती हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधे एकदा फक्त म्हणाले, "त्या बाईंची माफी मागून यायला पाहिजे." रियाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या हाताची बोटं उलटीसुलटी करून पाहिली. डेपोचं मी सांगणार नव्हते. ब्याऐंशी वर्षांच्या, झडप बिघडलेल्या माणसाला ते कशाला सांगायचं? पण त्यांनी विचारलं, "आणखी काय?" आणि पुन्हा, "आणखी काय?" दोनदा विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही.

ते उठले, खिडकीशी गेले आणि परत येऊन बसले.

"टोपलीवाली," मग ते म्हणाले. "हिरवं लुगडं. खिडकीशी यायची आणि विचारायची, मास्तर, उरनची गाडी कवा हाय? मी सांगायचो. पाच मिनिटांनी पुन्हा यायची. उरनची गाडी कवा हाय? एकदा मी ओरडलो, रेचल. फलाटावरच्या सगळ्यांसमोर. म्हटलं, मावशी, आत्ता पुकारलं ना, कान नाहीत का तुम्हाला?"

"मग?"

"मग ती हसली. म्हणाली, हायत रं बाबा. पन परत एकदा बोल." पप्पांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी नाही बोललो. बोर्डाकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नसणार."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही. मी त्यांचा हात धरून ठेवला.

ऑपरेशनच्या आधीचा शनिवार आला. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि पनवेलमध्ये दहा जमवायचे म्हणजे ठाण्यापर्यंत फोन करावे लागतात. त्या दिवशी साडेनऊला दहावा आला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, एकटीच. सतरा खुर्च्या आणि मी. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर काशिराम बसले होते. मी निरोप धाडला होता, म्हणून पहिल्या गाडीनं आले होते. आत बोलावलं तर म्हणाले, "नको, मी इथंच बरा हाय." डोक्यावर त्यांनी रुमाल बांधला होता. पप्पा आत शिरताना दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाच नावाची दोन म्हातारी माणसं. शेवटी पप्पांनी चौकटीला बोटं लावली, ओठांना टेकवली, आणि काशिरामनीही बसल्या जागेवरून हात उचलून तसंच केलं.

आजाऱ्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. हजान, म्हणजे आमची प्रार्थना सांगणारे, वर्षानुवर्षं पप्पांना ओळखतात. त्यांनी हिब्रूत सुरुवात केली आणि पप्पांच्या हिब्रू नावाशी आले. "शिमशोन बेन..." पुढचं नाव त्यांच्या तोंडात तयारच होतं.

"भीमाबाई," पप्पा म्हणाले.

हजान थांबले. पुस्तकातून वर बघून हळू आवाजात म्हणाले, "सॅमसनभाई, ते आपल्यातलं नाव नाही. सारा म्हणू या ना. साराच म्हणतात."

"सारा माझ्या जन्माच्या आईला राहू दे. ती कोण होती ते देवाला माहीत आहे, तो बघून घेईल," पप्पा म्हणाले. "पण मला जगवलं हिनं. पुन्हा जगवायचं असेल तर हिच्या नावानं मागा."

ठाण्याहून आलेल्या दहाव्यानं घसा खाकरला. हजाननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, "शिमशोन बेन भीमाबाई."

ते पुढच्या ओळीकडे वळणार, तेवढ्यात पप्पांनी हात वर केला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन, डेपोतल्या त्या आवाजात, पार शेवटच्या फलाटापर्यंत जाईल असं पुकारलं, "शिमशोन बेन भीमाबाई!"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पहिल्या वेळी काशिरामनी नुसतं डोकं वर केलं होतं. आता ते बाकावरून उठून उभे राहिले होते.